लेडीज सायकल

चेन निसटली आणि मी सायकलच्या मधल्या दांडीवर आदळलो. काही महिन्यांनी डाव्या अंडकोशाच्या शिरा फुगल्या. लाजेपायी घरी सांगितलं, कंबर दुखते. बाबांनी माझी चाल पाहिली आणि काही न विचारता यवतमाळला नेलं. तिथे बाबांसमोरच दांडीवर आदळल्याचं सांगावं लागलं. डॉक्टर म्हणाले, व्हेरिकोसील. ऑपरेशन झालं.

घरी आलो तर माझी सायकल देऊन बाबांनी बिनदांडीची लेडीज सायकल आणलेली. मी भडकलो, "बाबा, सारं गाव हासन मले!"

"तुले कोन देऊन राह्यलं? माह्यासाठी हाय. गुडघे दुखतात माहे."

महिनाभर ते तिच्यावरच राळेगावच्या बाजारात गेले. लोक हसून हसून थकले. मग एका सकाळी बाबांनी ती माझ्या हाती दिली आणि स्वतः पायी शेताकडे निघाले, भराभर.