बाटलीचं का कागदाचं

उकंडाला बसवत नसे. जेवायला मांडी घातली तरी एक गुडघा शिलाई मशीनसारखा हलत राही, आणि अर्ध्या भाकरीवर तो उठून दाराची कडी पाहून येई. त्याची बायको मैनाबाई म्हणायची, "लोकाइच्या पायात भिंगरी असते. ह्यांच्या पायात अख्खं जिनिंग बसवलं हाये कोनं तरी."

त्याच्या आधीची भावंडं जगली नव्हती. म्हणून हा जन्मला तेव्हा आईनं त्याला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं आणि शेजारणीनं उचलून आणलं. टाकलेल्या पोराला काळ हात लावत नाही म्हणतात. नाव पडलं उकंडा. पोरगं जगलं, पण एखाद्या जागी आपण टाकलेले नाही, ठेवलेले आहोत, असं त्याला कधी वाटलंच नाही.

गाव केळापूर. ओठावर मिसरूड फुटायच्या आधी हाताला काम फुटलं, असा त्याचाच विनोद. पांढरकवड्याच्या जिनात रोलर घासायला लागला. कापसातून सरकी वेगळी करणारे ते चामड्याचे रोलर चालून चालून चकचकीत होतात, आणि चकचकीत रोलर रुई धरत नाही. त्याला घासून खरबरीत करावं लागतं. उकंडाचा जन्म त्यातच गेला. मग ती वर्षं आली. कापूस पिकला तर भाव नाही, भाव आला तर बोंडात अळी. एकामागून एक जिनं बंद पडली. पांढरकवड्याहून तो आर्णीला गेला, आर्णीहून उमरखेडला, तिथून यवतमाळला. तो पोचायचा आणि चार-दोन हंगामांत भोंगा बंद व्हायचा. "मीच पनवती हाये का बे?" असं तो भोंग्याकडे पाहून विचारायचा.

यवतमाळचं जिन बंद पडलं तेव्हा त्याचं लांबलचक शेड चारुदत्त देशपांड्यांनी भाड्यानं घेतलं. देशपांडे पाटबंधारे खात्यातून वेळेआधी निवृत्त झालेले, डोक्यात एक खूळ. नागपुरात कुठलीशी खेळाची जागा मोडीत निघाली होती. तिथल्या बोलिंगच्या दोन लाकडी पट्ट्या त्यांनी उचलून आणल्या. एका टोकाहून तीन भोकांचा जड गोळा सोडायचा, दुसऱ्या टोकाच्या बाटल्यांसारख्या पिना पाडायच्या. शेडसोबत त्यांना पंखे मिळाले, गंजका वजनकाटा मिळाला आणि उकंडा मिळाला. यंत्र जुनं, म्हणून पडलेल्या पिना मागच्या बाजूला उभं राहून हातानं मांडाव्या लागत. ते काम त्याचं. पट्टीवर तेलाचा हात फिरवायचा, तेही त्याचंच.

देशपांड्यांची मुलगी मधुवंती त्या पट्ट्यांवरच तयार झाली. कॉलेजात शिकणारी, बारीक चणीची, पण गोळा सोडला की पिना अशा उडायच्या की मागं उकंडा मान खाली घाली. तिचा स्वतःचा गोळा होता, गडद वांगी रंगाचा. त्याला ती कुणाला बोट लावू देत नसे. उकंडाकाकांना सोडून.

नागपूरच्या एका क्लबाला मुलींच्या संघात एक जागा भरायची होती. त्यांची माणसं रविवारी जिल्ह्यातल्या मुलींचा खेळ पाहायला इथंच येणार होती. शनिवारी मधुवंती स्कूटी चालूच ठेवून ओरडली, "काका, बॉलला पॉलिश करून ठेवा बरं! उद्या पट्टी कोरडी होत जाईन, तो घसरला पाहिजे." स्कूटीच्या आवाजात शेवटचं वाक्य पेट्रोलच्या धुरासारखं उडून गेलं. उकंडाला ऐकू आलं ते पॉलिश.

त्यानं पॉलिश पेपर काढला. जिनात, सुताराकडे, हार्डवेअरच्या दुकानात, सगळीकडे त्या खरबरीत कागदाला पॉलिश पेपरच म्हणतात. भिंतीला टेकून त्यानं गोळा मांडीत घेतला आणि घासायला लागला. हात आपोआप रोलरची लय धरून चालू लागला. वांग्यावर राख बसावी तसा गोळा मळकट झाला, बोटांना झोंबायला लागला. फार दिवसांनी त्याचा गुडघा हलायचा थांबला होता.

रविवारी मधुवंती पाहुण्यांच्या गराड्यातच आली. फडक्यातून गोळा काढला, मळकट दिसला तसा एकदा पुसला, पण तेवढ्यात नाव पुकारलं. तिनं गोळा सोडला.

उकंडा पलीकडच्या टोकाला पिनांमागं उभा होता. गोळा लांबवर सरळ येतो आणि अगदी शेवटी वळतो, हे त्याला पाठ होतं. आज गोळ्यानं अर्ध्या वाटेतच लाकूड धरलं आणि आडवाट घेतली. एका कोपऱ्याची पिन तेवढी लवंडली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तर तो थेट पट्टीकडेच्या नालीत.

"उकंडा, तेल कमी पडलं का रे?" देशपांडे ओरडले. मग पाहुण्यांकडे वळून कसनुसं हसले. "पट्टीच जुनी आहे आमची."

मधुवंती आपलं मनगट चोळत होती. "पट्टी नाही बाबा. माझा हातच फिरून राह्यला."

खरबरीत रोलर रुई धरतो. खरबरीत गोळा लाकूड धरणारच. बाप पट्टीला दोष देतो, पोरगी हाताला, आणि आपण गप्प राहिलो तर कुणाला काही कळणार नाही. सांगितलं तर हे शेडही गेलं. पहिला डाव संपेपर्यंत तो एका पायावरून दुसऱ्या पायावर होत राहिला. चहा आला तेव्हा पट्टीच्या कडेनं चालत पुढं आला.

"ताई, तुमचा हात बराबर हाये. बॉल म्या घासला."

"घासला म्हणजे?"

"पॉलिश केलं. तुमीच सांगतलं."

"कशानं?"

"पॉलिश पेपरनं."

मधुवंतीच्या तोंडातला चहा तोंडातच राहिला. "अहो काका! बाटलीतलं पॉलिश! कपाटात ठेवली आहे ना बाटली! तो कागद पॉलिश करत नाही, काढतो!"

"मंग त्याले पॉलिश पेपर काहून म्हन्तेत?"

नागपूरच्या पाहुण्यांतल्या एक बाई खो खो हसल्या. मधुवंती हसली नाही. "डावांच्या मधे बॉल घासलेला चालतो ना?" तिनं विचारलं. बाई म्हणाल्या, "चहा होईपर्यंत."

उकंडा धावला. शेजारी अमरसिंगचं गाड्या रंगवायचं गॅरेज होतं. "अमरसिंग, पान्यात भिजवून घासाचा पेपर दे, बारीकातला बारीक! नंतर विचार!" कागद घेऊन परतला तेव्हा मधुवंती पायरीवर तांब्या घेऊन बसली होती. ती पाणी सोडत होती, तो बारीक कागदानं आधीचे ओरखडे घासून काढत होता. राख उतरली, वांगी रंग परत वर आला. मग बाटलीतले थेंब आणि कोरडं फडकं.

"बस काका."

त्याचा हात थांबेना.

"बस म्हटलं ना!" तिनं त्याचं मनगटच धरलं.

दुसऱ्या डावात गोळा तेलावरून लांब घसरत आला आणि शेवटच्या हातभर अंतरात असा वळला, की उकंडाला पिना उडायच्या आधीच मान खाली घालावी लागली. तिसरा डावही तिचाच. पण पाहुण्यांनी तिन्ही डाव एकत्र धरले. पहिल्यानं बुडवलं ते बुडवलंच. जागा वणीच्या मुलीला गेली. जाताना बाई म्हणाल्या, "दिवाळीनंतर आणखी एक जागा आहे. नागपूरला ये."

उकंडानं आपला डबा पिशवीत घातला, खुंटीवरचा सदरा काढला आणि फाटकापाशी पोचला.

"कुठी चालले?" मागून मधुवंती.

"जातो."

"कायले?"

तो चपलेनं माती उकरत राहिला. तिनं फडक्यात गुंडाळलेला गोळा त्याच्या हातात ठेवला. जड होता, हात खाली गेला. तिचे डोळे लाल होते, पण आवाज नेहमीचाच. "हा दिवाळीपर्यंत तुमच्याकडे. अन् कुणी पॉलिश म्हटलं की पहिले विचारायचं, बाटलीचं का कागदाचं."

संध्याकाळी त्यानं सगळं मैनाबाईला सांगितलं. ती भाकरी थापत ऐकत होती.

"म्हंजे काढलं नाई तुमाले?"

"नाई."

"मंग आता तरी बसा की धड."

तो बसला. गोळा कोनाड्यात धान्याच्या डब्याशेजारी होता. अर्ध्या भाकरीवर उकंडा उठला, फडकं बाजूला करून गोळ्यावरून बोट फिरवून आला. पुन्हा बसला. गुडघा हलतच होता. दिवाळी अजून लांब होती.