आबांनी दिलेला विस्तव

आबा गेल्याचा फोन सांगोल्याहून आला तेव्हा मी सकाळचा चहा गाळत होते. फोन ठेवला, चहा गाळून झाला, ओटा पुसला आणि मग खुर्चीत बसले. नातवंडांनो, तुमची आजी अशीच... आधी ओटा, मग रडणं. तुम्ही दूर देशी, तुमची आई, म्हणजे माझी सून कमल, तुमच्याजवळ. ती विमानाने निघाली असती तरी मातीला पोचली नसती. फोनवर ती एकच विचारत राहिली, "आई, बाप गेला. आता मला माहेर उरलं का हो?" हेच माहेर तिला एकदा गमवावं लागलं होतं. ते परत कसं मिळालं, हे तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही. म्हणून हे लिहिते आहे.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. तुमचे सांगोल्याचे आबा, म्हणजे माझे व्याही बिरबा, मेंढरं राखायचे. कमल शिकायला सोलापुरात वसतिगृहात राहिली आणि तिथेच तिची नि माझ्या सुहासची ओळख झाली. जात वेगळी, राहणी वेगळी. लग्न कचेरीत सह्या करून झालं, त्याला आबा आले नाहीत. त्यांची बाजूही ऐका. पोरीला शिकवल्याबद्दल भावकी आधीच कुरकुरत होती, आता तर तोंडावर बोलू लागली, "बिरबा, मेंढरं राखलीस, पोरगी न्हाय राखता आली!" मी समेटाला माणूस पाठवला, तर त्याला ते एवढंच म्हणाले, "पोरगी? हुती एक." पुढे कमलला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत. कमल तोंडाने काही बोलत नसे, पण वाढलेलं ताट तसंच सरकवायची. शेवटी मी शाळेतून रजा घेतली, तिला घेतलं आणि सांगोल्याची एसटी धरली.

गावापासून लांब, एका पडीक रानात त्यांचा तळ होता. मेंढरं जाळीत कोंडत आणली होती, दिवस कलला होता, थंडी पडू लागली होती. कमलची आई सोनाबाई आम्हाला पाहून उठली, पण नवऱ्याकडे बघून तिथेच थबकली. तिची तीन दगडांची चूल अजून पेटायची होती. आबांनी आमच्याकडे पाठ फिरवली, शेकोटीसाठी वाळलेलं गवत आणि गवऱ्या रचल्या आणि कमरेच्या पिशवीतून चकमकीचं पोलाद नि रुईचा कापूस काढला. मान वर न करता बायकोला म्हणाले, "गार द्ये."

मला वाटलं, माणूस दिवसभर उन्हातून हिंडलेला, तहानला असेल. माझ्याजवळ फिरकीचा तांब्या होता. मी लगबगीने पेला भरून त्यांच्यापुढे धरला. आबांनी पेल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं... आणि हसू दाबता दाबता त्यांना ठसकाच लागला. "बाई, ही गार न्हवं! दगुड, दगुड! ठिणगीची गार!" सोनाबाईने पदर तोंडाला लावला. कमल तर पोट धरून हसली. कितीतरी दिवसांनी ती हसत होती. हसता हसताच ती वाकली, घोंगड्यावर पडलेली गारगोटी उचलली आणि बापापुढे धरली.

आबांनी गारगोटी घेतली. लेकीकडे न बघता, पण घेतली. गारगोटीच्या कडेला अंगठ्याने कापूस दाबून धरला आणि वरून पोलादाचा ठोका मारला. ठिणग्या उडाल्या, विझल्या. पुन्हा ठोका. मग कापसात एक लाल ठिपका धरला, त्यांनी तो गवतात ठेवून फुंकला आणि जाळ झाला. एक गवरी चांगली पेटली, तशी दोन काटक्यांत धरून त्यांनी ती उचलली. पण हात तसाच राहिला... वैर असलेल्या घरांत विस्तवही जात नाही, असं आपण सहज म्हणून जातो. त्या रानात ते नुसतं म्हणणं नव्हतं. कमलची नजर त्या गवरीवरून हलेना.

"आवं, हात भाजंल की!" सोनाबाई म्हणाली.

तेव्हा आबा लेकीकडे वळले आणि खेकसले, "बघत काय बसलीस? घाल की आयेच्या चुलीत. बाईस्नी चा पाज." कमलने दोन्ही हातांनी त्या काटक्या धरल्या. त्या चुलीचा धूर माझ्याही डोळ्यांत गेला, असं मी तेव्हा म्हणाले.

बाळंतपण माहेरीच झालं. थोरल्या, तो तू. पुढे आबा सोलापूरला येत, तेव्हा पायताण दारात काढून जमिनीवर बसत. "गार पायजे का, बाई?" असं मलाच विचारत आणि मग स्वतःच हसत. मायेने बोलणं त्यांना शेवटपर्यंत जमलं नाही. तुम्ही परदेशी निघालात तेव्हाही "हितं का साळा न्हाईत्या?" एवढं बोलून ते मेंढरांकडे चालू लागले. चालताना मात्र पटक्याच्या शेवाने सारखं नाक पुसत होते.

दहाव्याला मी सांगोल्याला गेले. सोनाबाईकडे आता गॅस आहे, पण परसातली चूल तिने मोडलेली नाही. चुलीपाशी तिच्याशेजारी बसून मी कमलचा प्रश्न जसाच्या तसा सांगितला. बाप गेला, आता माहेर उरलं का? सोनाबाईने फुंकणी खाली ठेवली आणि आबांइतकंच खेकसून म्हणाली, "सांगा तिला, लई शानी झालीया म्हणावं. चूल माझी हाय. त्येंची निस्ती चकमक हुती."