उंबरठ्यावरचं दुसरं बोट

सई, निनाद,

सईच्या मुलीचं बारसं तोंडावर आलंय आणि तिला तुमच्या खापरपणजीचं ‘यमुना’ हे नाव द्यायचं घाटतंय, म्हणून हे आत्ताच लिहिते. भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. विजेची बिलंसुद्धा फाइलला लावणारी बाई मी...

अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला, पितरांना बोलावतात. आजोबा एकेका पूर्वजाचं नाव घेतात आणि मी त्या नावाचं कुंकवाचं एक बोट उंबरठ्यावर ओढते. सासूबाई, तुमची आजी, गेल्यावर हे काम माझ्याकडे आलं. पांडेसऱ्यातल्या या फ्लॅटचा उंबरठा पांढरा, संगमरवरी. त्यावर काही लपत नाही. पहिल्याच वर्षी जेवणं उरकल्यावर पाहिलं – यमुनाबाईंच्या बोटाशेजारी आणखी एक बोट. मी आतून बाहेर ओढते. हे बाहेरून आत आलेलं होतं. वाटलं, कुणाचा पाय लागला असेल. पुढच्या वर्षी पुन्हा तेच, त्याच नावापाशी.

त्याच सुमारास सईनं वंशावळ मागितली, म्हणून मी तालुक्याहून जुने दाखले काढून आणले. यमुनाबाईंच्या मृत्यूची नोंद आजोबांच्या आत्याबाईंच्या, म्हणजे यमुनाबाईंच्याच मुलीच्या, जन्माआधीची निघाली. कारकुनाची चूक असणार, असं धरून मी लिंबायतला आत्याबाईंकडे गेले. नजर गेलेली, जीभ शाबूत. दाखला वाचून दाखवला तेव्हा त्या आधी हसल्या; मेलेल्या बाईला पोर होत नाही हे तुला कॉलेजात शिकवलं नाही का, म्हणाल्या. मग तो पुन्हा वाचायला लावला आणि सांगू लागल्या.

यमुना दोन होत्या. पहिली बाळंतपणानंतर तापानं फणफणत गोठ्यात पडून होती, तेव्हाच दुसरीची बोलणी झाली.

“भांडासवर नाव कोरेल व्हतं ना,” आत्याबाई म्हणाल्या. “मंग नवरीनं नाव तेच ठी दिधं.”

भांडी तीच, म्हणून नव्या नवरीचं नावही तेच. तुमचे पणजोबा पहिलीचे. त्यांना शेवटपर्यंत कोणी सांगितलं नाही.

मग आखाजीला पहिलीला कोणी बोलावलंच नाही का, असं मी विचारलं.

“कसं बलावतीन? मन्ही माय जित्ती व्हती. जित्त्या माणूसनं नाव पितरसमा लेतंस का?”

त्यांची माय, म्हणजे दुसरी यमुना, म्हातारी होऊन गेली. तोवर पहिलीला ओळखणारं कोणी उरलं नव्हतं. नाव एकदाच, दुसरीसाठीच घेतलं जाऊ लागलं.

पहिलीचं माहेरचं नाव आत्याबाईंना माहीत नव्हतं. दाखल्यांतही ते नाही.

या आखाजीला यमुनाबाईंच्या बोटाशेजारी एक बोट मी नाव न घेताच ओढलं आणि संध्याकाळपर्यंत दारापाशी बसून राहिले. तिसरं उमटलं नाही. आजोबा म्हणतात, कुंकू ओघळत असेल. कोरड्या दगडावर, उलट्या दिशेनं, दर वर्षी एकाच नावापाशी...

सई, ते नाव नको ठेवूस. ते एका बाईचा जीव जायच्या आत दुसरीसाठी ठरलं होतं.

पहिलीचा फोटो नाही, माहेरचं नाव नाही. तांब्याची एक घागर आहे, ‘सौ. यमुना’ असं कोरलेली. ती माझ्या स्वयंपाकघरात आहे आणि अजून गळत नाही.