मागच्या सीटवरचं इंजिन

माझी बदली दहिवडीला झाली तेव्हा आमच्याकडे एक जुनी विलायती गाडी होती. लहानशी, गोल पाठीची. सांगलीत सगळे तिला ‘बेबी’ म्हणत. माझे वडील, अण्णा, कोर्टात वकिली करायचे. ही गाडी घेणं ही उभ्या हयातीत त्यांनी हौस म्हणून केलेली एकच गोष्ट. पुढे नजर अधू झाली आणि त्यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली. “तुला खेड्यापाड्यांत फिरायचं असतं, घेऊन जा.”

मी नर्स होते. माझे मालक उंब्रजचे, लष्करात गाड्यांचे मेकॅनिक. पेन्शनीवर येऊन त्यांनी दहिवडीच्या रस्त्याला पत्र्याचं शेड टाकलं होतं. ट्रॅक्टर, विहिरीवरची इंजिनं, जे येईल ते दुरुस्त करायचे. मला गाडी शिकवली ती त्यांनीच.

बेबी डांबरी रस्त्यावर गुणी होती. माणगंगेच्या वाळूत मात्र तिचं काही चालेना. माणची नदी म्हणजे वर्षाचे बरेच महिने नुसती वाळू, आणि माझी निम्मी गावं पलीकडच्या काठाला. एकदा पलीकडच्या वस्तीवरून बाळंतिणीचं बोलावणं आलं. मूल आडवं होतं. आम्ही दोघं निघालो आणि पात्राच्या मधोमध गाडी रुतली. मागची चाकं जागच्या जागी फिरून खड्डे करत राहिली. पिशवी डोक्यावर घेऊन मी वाळू तुडवत गेले. बाई वाचली. मूल गेलं होतं.

मी पिशवी घेऊन परत पात्रात आले. गाडी बैल लावून काढली होती. हे बोनेटला टेकून उभे होते.

“पुढची दोन चाकं नुसतीच वझं वाहत्यात,” ते म्हणाले. “जीपसारखी चारीबी वढाय लागली तर ही नदी काय चीजच न्हाई.”

“मग लावा ना ओढायला,” मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. “गाडी फाडावी लागंल. मामांची गाडी हाय.” सासऱ्यांना ते मामा म्हणत.

“अण्णांना मी सांगते.”

साताऱ्याजवळ घाटात कोसळलेली एक जीप त्यांच्या माहितीत होती. तिचा सांगाडा पिळवटला होता आणि कागदपत्रं कधीच हरवली होती, पण इंजिन, गिअर आणि दोन्ही एक्सल शाबूत होते. ते सगळं ट्रकमध्ये घालून आणलं. जीपचं पोट बेबीत घालायचं, असा बेत.

अडचण अशी, की पुढच्या चाकांना फिरवणारा लोखंडी गोळा जिथे बसायला हवा, नेमकं तिथेच बेबीच्या इंजिनाची जागा. चिमुकल्या गाडीत दोन्ही मावेनात. खडूनं जमिनीवर आकृत्या काढून हे आठवडाभर तिच्याभोवती बसले. मग एका सकाळी चहा पिता पिता म्हणाले, “इंजिन मागच्या सीटवर बसवायचं.”

“आणि माणसं?”

“दोन माणसं पुढं. तिसरं न्हाईच.”

इंजिन आमच्या पाठीमागे, तोंड मागे करून. गिअर आणि पुढे-मागे ताकद वाटून देणारा डबा आमच्या दोघांच्या मधे. तिथून एक शाफ्ट पुढे, एक मागे. ऐकायला सोपं होतं. करायला उन्हाळा आणि पुढचा हिवाळाही गेला. दवाखान्यातून आले की मी पदर खोचून शेडमध्ये. पाने देणं, वेल्डिंगच्या वेळी पत्रा धरून उभं राहणं, आणि जीपच्या त्या गिअरांवरची वर्षांची घाण रॉकेलनं धुणं माझ्याकडे. इंजेक्शन द्यायला गेलं की बाया विचारायच्या, “आवं बाई, हातास्नी रॉकेलचा वास कशाचा?”

अण्णांना मी पत्र लिहिलं होतं. उत्तर आलं नाही. अण्णाच आले, एसटीनं, धोतराला माणची धूळ घेऊन. बेबी तेव्हा दगडांवर ठेवलेली, चाकं नाहीत, तळाचा पत्रा कापलेला. मागची सीट काढून भिंतीला लावली होती. ते तिच्यावर बसले. ज्या सीटवर आम्ही बहिणी हरिपूरला जाताना भांडायचो, तिच्यावर.

“जीपच का दुरुस्त केली नाही, जावईबापू?”

“आवं मामा, तिचा सांगाडा कामातनं गेलाय. कागदबी न्हाईत. हिचं सगळं हाय.”

अण्णांनी धोतराची धूळ झटकली. मला वाटलं, आता उठून निघतील. मग वाकून त्यांनी गाडीखाली पाहिलं. “हे शाफ्टचे दांडे तिरके का?”

“एक्सलचा गोळा उजव्या अंगाला, डबा डाव्या अंगाला आलाय. सांधं हायत, चालतंय.”

“अस्सं,” अण्णा म्हणाले, आणि रात्रीच्या जेवणाला थांबले. दुसऱ्या दिवशीही थांबले.

पहिल्या चाचणीला ते होतेच. शेडसमोरच्या मोकळ्या जागेत मी स्टिअरिंगला बसले. पाठीमागे इंजिन गरजलं तेव्हा मणक्यातून कळ गेल्यासारखं झालं. क्लच दाबून पहिला गिअर टाकला, पाय हलकेच उचलला आणि गाडी मागे गेली. थेट शेडच्या खांबावर.

“रिव्हर्स पडला!” मी ओरडले.

“न्हाई, पहिलाच हाय!” हे खिडकीतून डोकावून म्हणाले. दुसरा टाकला, तरी मागेच. मग रिव्हर्स टाकला, तशी बेबी मुकाट पुढे चालू लागली.

रस्त्यावरची माणसं पोट धरून हसली. हे मात्र खाली बसले आणि दोन्ही हातांत डोकं धरलं. इंजिन उलटं तोंड करून बसवलं, म्हणजे शाफ्टही उलटे फिरणार, हे इतक्या महिन्यांत कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. तीन गिअर मागे जायला आणि एक पुढे.

“इकून टाकू भंगारात,” ते पुटपुटले.

माझा संताप झाला. “उद्या कुणी बोलावलं तर मी उलटी नेईन गाडी. पण नेईन. तुम्ही उठा.”

ते उठले नाहीत, पण संध्याकाळी गाडीखाली शिरलेले दिसले. बराच वेळ नुसते पाय दिसत होते. मग आतून आवाज आला, “मामा, दांडं तिरकं हायत म्हणलासा न्हवं?”

“विचारलं होतं.”

“एक्सलच उलथं घालायचं! वरची बाजू खाली. गोळा डाव्या अंगाला येतोय, दांडंबी सरळ, आन् चाकंबी उलटी फिरत्यात!”

तिरका शाफ्ट आधीपासून तेच सांगत होता. आम्ही त्याचं ऐकलं नव्हतं. दोन्ही एक्सल काढून पालथे घालणं, स्प्रिंगच्या बैठका नव्यानं वेल्ड करणं, स्टिअरिंगचे सांधे पुन्हा उभे करणं यात पावसाळ्याच्या तोंडापर्यंतचे दिवस गेले. कातकाम अण्णांनी सांगलीतल्या ओळखीच्या लेथवर करून घेतलं आणि पोत्यात घालून एसटीनं आणलं.

साताऱ्याला गाडी नव्यानं पास करायला नेली. आरटीओच्या साहेबांनी बोनेट उघडलं. आत पाण्याची टाकी, लांबच लांब नळ्या आणि स्टेपनी. त्यांनी यांच्याकडे पाहिलं. “इंजिन कुठाय?” मी मागचं झाकण उघडून दाखवलं. साहेब त्याभोवती दोनदा फिरले, मग स्वतः चालवून पाहिली, आणि घाम पुसत उतरले. “आत भट्टी आहे हो,” म्हणाले, पण सही केली.

भट्टी खरीच होती. इंजिनवर पत्र्याची पेटी आणि तिच्यावर गोधडी टाकली तरी पाठ भाजायची. एकमेकांशी बोलायचं तर ओरडावं लागे. पाणी उकळायचं. पण बोलावणं आलं, तेही नेमके हे कराडला गेले असताना. मी एकटीच निघाले. पात्राच्या काठावर थांबले, चाकांतली थोडी हवा सोडली, खालचा गिअर टाकला. वाळू आली. चाक किंचित बसलं. मग पुढची दोन चाकं ओढू लागली, अगदी बैलजोडीनं मान खाली घालावी तशी, आणि बेबी हळूहळू, न थांबता पलीकडच्या चढावर गेली.

मुलगी झाली. मोठ्यानं रडली. तिच्या आजीनं गाडीच्या बोनेटला हळद-कुंकू लावलं, तेव्हा मी सांगितलं नाही की आत फक्त टाकी आहे.

अण्णा त्यानंतर दर सुट्टीला यायचे. नजर पार गेली होती, तरी शेजारी बसून वाळूत चक्कर मारायला लावायचे. पाचेक वर्षं ती गाडी राबली. पुढे सरकारी जीप मिळाली, बेबीचा तळ गंजून जागोजागी फाटला, आणि माझी बदली वाईला झाली. यांनी इंजिन काढून उंब्रजला थोरल्या दिरांच्या विहिरीवर बसवलं. तिथे ते बरेच उन्हाळे उसाला पाणी देत होतं.