चौथ्या खिडकीजवळचा सांधा

गावच्या सुनावणीत मी झोपलो होतो, असे आमच्या मंडळात सांगितले जाते. हे असत्य आहे. मी पूर्ण जागा होतो, आणि डोळे मिटण्यास सबळ कारण होते.

न्यू जर्सीच्या किनाऱ्यावरच्या आमच्या गावात मेथडिस्ट पंथाची दोन जुनी चॅपेल्स आहेत. थोरले विटांचे, हमरस्त्यावर. धाकटे लाकडी, खाजणाच्या कडेला. वस्ती वाढली म्हणून दुसरे बांधले, असे गावाच्या इतिहासाची पुस्तिका म्हणते. वस्ती वाढली नव्हती. भांडण झाले होते. उपासनेत ऑर्गन वाजवावा की नुसत्या गळ्याने गावे, या प्रश्नावर निम्मे लोक उठून गेले. पुस्तिकाकारांना हे अशोभनीय वाटते. गणपतीच्या जेवणात पुरी असावी की पोळी, यावरून आमच्या मंडळाची दोन मंडळे झाली; त्यामुळे मला ते अगदी स्वाभाविक वाटते.

धाकट्या चॅपेलमध्ये आता उपासना होत नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी आमचे मंडळ ते भजनासाठी घेते. आम्ही जोडे दाराबाहेर काढतो. गावकऱ्यांनी तिथे पिढ्यान्‌पिढ्या बूट घालून प्रार्थना केली. त्यांना जे कधी कळले नाही, ते मला दुसऱ्याच भजनाच्या वेळी कळले: चौथ्या खिडकीजवळ, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, जमिनीला नाण्याच्या जाडीएवढा उंचवटा आहे. बुटाला तो लागत नाही. मोज्यातल्या पायाला लागतो.

मी आयुष्यभर पूल बांधले आहेत. टॉर्च घेऊन फळ्यांखाली सरपटत गेलो. तिथल्या तुळया करवतीने सरळ कापून पुन्हा जोडलेल्या होत्या. म्हणजे ती इमारत तिथे बांधलेलीच नव्हती. समुद्र किनाऱ्याच्या टोकावरची जमीन खाऊ लागला, तेव्हा तिचे दोन तुकडे करून ती ओढत आणली होती. पुस्तिकेत छापले आहे, 'याच जागी उभारले.' मी आकृत्यांसह अकरा पानांचे टिपण तयार केले.

मग सुनावणी ठरली. मोटारी लावायला जागा हवी म्हणून धाकटे चॅपेल पाडायचे की जतन करायचे, हे गावची समिती ठरवणार होती. मी टिपण घेऊन तासभर आधी पोहोचलो. चॅपेलची किल्ली सांभाळणाऱ्या बाई सभागृहाच्या पायरीवर बसल्या होत्या. वय नव्वदीला टेकलेले. प्रत्येक भारतीयाला त्या डॉक्टर म्हणतात.

"हातात काय आहे, डॉक्टर?"

"पुरावा. आणि मी इंजिनिअर आहे."

त्यांनी पहिले पान वाचले आणि चष्मा काढला. "नियम वाचलात? मूळ जागेवरून हलवलेली इमारत आमच्या गावात जतन होत नाही."

नियम मी वाचला नव्हता. पूल जागचे हलत नाहीत; असल्या नियमाशी माझा कधी संबंध आला नव्हता.

"तुमचं सगळं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "बैल माझे आजोबा हाकत होते."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"विचारलं कुणी? माझं लग्न इथे झालं, नवऱ्याला शेवटचं इथूनच नेलं. आजचा दिवस तुम्ही बरोबर असू नका."

सभेत समितीच्या अध्यक्षांनी पुस्तिकेतला 'याच जागी उभारले'चा परिच्छेद भिंतीवर मोठ्या अक्षरांत दाखवला आणि इतिहासाबद्दल कुणाला काही म्हणायचे आहे का, असे विचारले. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. त्यांना माझा अनुभव आहे. फाईल मांडीवर होती. ते वाक्य आणखी क्षणभर दिसत राहिले असते, तर मी उठलोच असतो. म्हणून डोळे मिटले.

शेजारी आमच्या मंडळाचा अध्यक्ष होता, पुण्याहून आलेला, संगणकातला.

"काका, झोपलात? काय यार! एरवी माइक सोडत नाही, आणि आज आपल्या हॉलसाठी बोलायचं तर घोरताय!"

मी घोरत नव्हतो. डोळे मात्र उघडले नाहीत. त्यावरून त्याने काढलेला निष्कर्ष आज मंडळात इतिहास म्हणून प्रचलित आहे.

चॅपेल राहिले. समितीत मराठी वाचणारे कुणी नाही, म्हणून हे लिहिता येते. नव्या पितळी पाटीवर 'याच जागी' असे कोरले आहे. ती दाराबाहेर, जोडे काढायच्या बाकाच्या वर लावली आहे. तिथे सगळ्यांच्या पायांत अजून बूट असतात.