शेवटच्या खणापासून

आमच्या खात्यातल्या फिटरला सगळे मोजपट्टी म्हणत. गियरबॉक्स उघडला की सुटे भाग निघतील त्या क्रमाने फडक्यावर मांडायचा आणि जोडताना उलट्या टोकाने सुरुवात करायचा. दहा वेळा फिरवून बघितल्याशिवाय झाकण लावत नसे. एकदा जरी खटकलं, तरी मोजणी पुन्हा शून्यापासून.

निवृत्त झाला तेव्हा घरात मुलीचा पियानो धूळ खात होता. एका जुन्या सोनाटातल्या, म्हणजे पियानोच्या लांबलचक रचनेतल्या, एका पानाशी अडून तिने शिकणं सोडलं होतं. त्या पानावर स्वरलिपीचे, उभ्या रेघांनी पाडलेले सोळा खण. अख्खा सोनाटा नको, एवढं पान वाजवायचं, असं त्याने ठरवलं. परगावी राहणारी मुलगी फोनवर हसली.

"बाबा, मला जमलं नाही ते तुमच्या बोटांना जमणार? पुढच्या वर्षी येईन तेव्हा वाजवून दाखवा. नाही तर विकून टाकू, आईला जागा तरी होईल."

"चालेल," तो म्हणाला.

पियानो शिकवायला ठेवलेल्या बाईंनी पहिल्या खणापासून सुरुवात केली. महिनाभरात गाडी तिसऱ्यापुढे सरकली नाही. मग त्याने स्वतःची पद्धत लावली. आधी सोळावा खण. वाजला बिनचूक, की पाटीवर खडूची रेघ. सलग दहा झाल्या की पंधरावा जोडायचा. नवव्या वेळी चुकला तरी सगळ्या रेघा पुसायच्या.

"कारखान्यात निदान मी नव्हते," त्याची बायको, आमच्या वहिनी, मला म्हणाल्या.

रोज दोन तास, अकरा महिने. एकदा मी वाहवा केली, तर म्हणाला, "गप्प बस, मोजणी चुकेल."

मुलगी आली. तो बसला आणि पहिल्याच खणात अडखळला. तो सगळ्यात शेवटी शिकलेला, म्हणून सगळ्यात कच्चा. हे त्याच्या ध्यानात आलंच नव्हतं.

"असू द्या, बाबा."

"असू कसं देऊ?" त्याने तळवे मांडीला पुसले. "शून्य."

पुन्हा सुरुवात केली. पहिला खण निघाला. त्यापुढचा प्रत्येक आधीच्यापेक्षा मुरलेला, त्यामुळे हात मोकळे होत गेले. दहाव्यात मुलगी अडायची. तिथे तिने श्वास रोखला. तो थांबला नाही. सोळावा त्याने असा बसवला की खिडकीचं तावदान थरथरलं.

"आता विकायचं नाव काढू नका," वहिनी म्हणाल्या. "एवढं सोसलंय मी."

मुलगी स्टुलावर बसली. "कुठून सुरू करू?"

त्याने सोळाव्या खणावर बोट ठेवलं आणि खडू तिच्या हातात दिला.