पिल्लाच्या ताटलीतला लाल ठंडा

माझ्या कुंकवाच्या दिवशी, म्हणजे मुलाची आई कुंकू लावून लग्न पक्कं करते त्या दिवशी, आईने मला एकच गोष्ट बजावली होती: आज तरी तोंड बंद ठेव. माझी जीभ तिखट, हे आमच्या अख्ख्या जसोंडी गावाला माहीत आहे. मुलाकडच्यांना ते लग्नानंतर कळलं तरी चालेल, असं तिचं म्हणणं. म्हणून मी नवी साडी नेसून आतल्या खोलीत मुकाट बसले होते.

पाहुणे जैनाबादहून आले. मे महिना, त्यामुळे चहाऐवजी ठंडा, म्हणजे बाटलीतलं थंड पेय. भावाने कोलाच्या काळ्या बाटल्या आणल्या होत्या आणि हल्ली पोरं तरतरीसाठी पितात त्या लाल बाटल्याही. ठंडा नाकारला तर पाहुणा रुसला असं होतं, सगळा संपवला तर हावरट दिसतो. त्यामुळे आमच्याकडे ग्लासात निम्मं उरतंच. बाबांनी ते सगळं उरलेलं एका ताटलीत ओतलं आणि मागच्या दारी पिल्लापुढे ठेवलं. "त्याचं बी तोंड गोड होऊ दे," म्हणाले. केळीच्या बागेत सापडलेलं एवढंसं कुत्र्याचं पिल्लू ते, दिवसभर बाबांच्या पायात घोटाळायचं. त्याने ताटली चाटून लख्ख केली.

थोड्या वेळाने ते स्वतःभोवती गरागरा फिरू लागलं. मग लाल फेस ओकलं. मी धावत जाऊन त्याच्या छातीला हात लावला, तर आत नुसती धडधड चालली होती. पाय थरथरत होते. मग त्याने गळा काढला.

बाहेरच्या खोलीतून मुलाच्या आईचा आवाज आला, "शुभ कामात कुत्रं रडून राहिलं. हे बरं नाही." बाबांचा चेहरा पडला. त्यांनी भावाला पिल्लू मळ्यात सोडून यायला सांगितलं. माझं डोकंच फिरलं. मी बऱ्हाणपूरच्या जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला.

ते म्हणाले, साखरेने कुत्र्याचं पोट बिघडतं, रोज पाजलं तर आजारही जडतात, पण आत्ता भीती कॅफिनची आहे. ते काळ्यात असतं, लालमध्ये फार जास्त. इतक्या लहान जिवाचं काळीज बंद पडू शकतं. शुगर-फ्री काही असेल तर त्यात साखरेऐवजी घातलेला एखादा गोड पदार्थ कुत्र्याला विषच. बाटलीवर काय लिहिलंय ते वाचून सांगा, म्हणाले.

बाटल्या पाहुण्यांच्या पायाशी होत्या. बोलावणं नसताना मी पदर खोचून बाहेर गेले आणि वाकून लाल बाटली उचलली. बारीक इंग्रजी अक्षरांतला कॅफिनचा आकडा मी फोनवर सांगितला. खालच्या ओळीत लिहिलं होतं, लहान मुलं आणि गरोदर स्त्रियांनी घेऊ नये. समोर मुलाची बहीण बसली होती, सातवा महिना. तिच्या हातात तोच लाल ग्लास होता, पुन्हा भरलेला.

मला भीती वाटली, खरंच सांगते. बोलले तर आमच्या पाहुणचारात खोट निघणार, बाबांची मान खाली जाणार. तरी बोलले. "ताई, ते खाली ठेवा. त्याच्यानंच पिल्लू तडफडून राहिलं."

तिने ग्लास ठेवला. डॉक्टर म्हणाले, ताबडतोब घेऊन या. बाबांनी पिल्लू नव्या उपरण्यात गुंडाळलं, भावाच्या मोटारसायकलवर मागे बसले आणि कुणाकडे न बघता निघून गेले. मुलीचं कुंकू आणि बाप घरात नाही, असं आमच्या गावात कधी झालं नव्हतं.

आता हे लोक उठून जातील असं मला वाटत होतं. मुलाच्या आईने लेकीसाठी पाणी मागवलं, तिला काही होत नाही ना ते विचारलं. ती बरी होती. मग मुलाच्या आई कुंकवाचा करंडा मांडीवर घेऊन बसून राहिल्या. मुहूर्त टळतोय, असं कुणीतरी हळूच सुचवलं.

"आधी फोन येऊ द्या," त्या म्हणाल्या. "मग लावते."

ऊन उतरायला लागलं तेव्हा फोन आला. मी स्पीकर लावला. बाबा होते.

"उठलं गं. माझा हात चाटून राहिलं," एवढं सांगून ते रडायला लागले, अगदी मोठ्याने. सगळी खोली ऐकत होती. शुभ कामात मुलीचा बाप रडत होता, आणि मुलाच्या आईने करंडा उघडला.